‘एवढे शिकून तुम्हाला कळले कसे नाही?’ : ज्याचे नुकसान झाले त्यालाच दोष देणारे मन

नाशिकच्या एका शिक्षिकेचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पाटबंधारे विभागातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेल्या त्यांच्या ७१ वर्षांच्या वडिलांना ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली तीन दिवस स्वतःच्याच घरात मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवले गेले आणि त्यांच्याकडून ३८ लाख रुपये काढून घेतले गेले. हे कळताच त्यांच्या तोंडून पहिले वाक्य निघाले, ते ‘एवढे शिकून तुम्हाला कळले कसे नाही?’ हे. भावाने ‘मी असतो तर फोन ठेवून दिला असता, पैसे अक्कलखाती जमा झाले’ असे म्हणून विषय मिटवला, सोसायटीत ‘काहीतरी लपवण्यासारखे असल्याशिवाय माणूस इतका घाबरत नाही’ अशी कुजबुज सुरू झाली आणि वडील आता कोणाशी धड बोलत नाहीत. ‘माझा वडिलांवर फार जीव आहे, मग मला त्यांचाच राग का आला? ज्याचे गेले त्यालाच सगळे का बोलतात? आणि आता मी काय करू?’ असे त्यांनी विचारले आहे.

तुमच्या तोंडून निघालेले वाक्य मी पुण्यात सव्वीस वर्षे समुपदेशन करताना निरनिराळ्या रूपांत ऐकत आलो आहे. अपघातात मुलगा गमावलेल्या आईला भेटायला आलेले लोक बसता बसता ‘हेल्मेट घातले नव्हते का?’ असे विचारतात. फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या माणसाला ‘सिगारेट ओढत होतात का?’ असे विचारले जाते आणि त्याने आयुष्यात सिगारेटला हात लावलेला नसला, तर विचारणाऱ्याचा चेहरा क्षणभर उतरतो. तो उतरलेला चेहरा मला नेहमी महत्त्वाचा वाटत आला आहे. विचारणाऱ्याला उत्तर हवे होते आणि ते ‘हो’ असे हवे होते. ‘हो’ म्हटले असते तर रोगाला कारण मिळाले असते, ते कारण त्या माणसापुरते राहिले असते आणि सिगारेट न ओढणारा विचारणारा निश्चिंत मनाने घरी गेला असता. ‘नाही’ या उत्तराने ती निश्चिंती त्याच्याकडून काढून घेतली.

या निश्चिंतीच्या गरजेचा पहिला नेटका अभ्यास मेल्विन लर्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने केला. मनोरुग्णांवर उपचार करणारी, एरवी प्रेमळ असणारी माणसेही रुग्णांच्या दुःखाचे खापर त्यांच्याच माथी फोडतात, हे पाहून तो अस्वस्थ झाला होता. १९६६ मध्ये त्याने कॅरोलिन सिमन्स यांच्यासह अमेरिकेतील ७२ विद्यार्थिनींवर केलेला प्रयोग आजही या विषयाचा पाया मानला जातो. एक तरुणी स्मरणशक्तीची चाचणी देत आहे आणि चुकीच्या उत्तरागणिक तिला विजेचा वेदनादायक झटका बसतो आहे, असे दृश्य या विद्यार्थिनींना पडद्यावर दाखवण्यात आले. प्रत्यक्षात झटके दिले जात नव्हते, ती तरुणी अभिनय करत होती. काही विद्यार्थिनींना तिची शिक्षा थांबवून तिला त्याऐवजी बक्षीस मिळेल अशी व्यवस्था करण्याची संधी देण्यात आली, आणि बहुतेक जणींनी ती आनंदाने घेतली. ज्यांना अशी कोणतीही संधी नव्हती, ज्यांना केवळ बसून पाहायचे होते, त्यांचे त्या तरुणीविषयीचे मत मात्र घसरले. ती आपल्याला कमी आवडली, तिचे व्यक्तिमत्त्व तितकेसे चांगले नाही, असे त्या सांगू लागल्या. सर्वांत कठोर मत तर त्या गटाने दिले, ज्याला असे भासवले होते की इतर मुलींना श्रेयांक मिळावेत म्हणून ही तरुणी मनाविरुद्ध, त्यांच्याखातर झटके सोसायला तयार झाली आहे.

जिने इतरांसाठी सोसले तिलाच सर्वांत हलके ठरवले गेले, ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना शिकवताना दरवेळी थांबून सांगतो, कारण दोष देण्यामागे दुष्टपणा असतो ही आपली समजूत तिथे कोलमडते. त्या विद्यार्थिनी दुष्ट नव्हत्या. हातात उपाय होता तेव्हा त्यांनी तो केला. उपाय काढून घेतल्यावर त्यांच्यासमोर एक असह्य चित्र उरले: काहीही वाईट न केलेली मुलगी यातना भोगते आहे आणि कोणी थांबवत नाही. जगात ज्याला त्याला आपल्या करणीप्रमाणे मिळते, हा विश्वास आपण लहानपणापासून उराशी धरलेला असतो, आणि तो असतो म्हणूनच आपण अभ्यास करतो, बचत करतो, मुलांना ‘खोटे बोलू नको’ म्हणून सांगतो. हा विश्वास वाचवण्याचे दोन मार्ग आहेत. एक, अन्याय दूर करायचा. तो जमत नसेल, तर दुसरा, ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यातच काहीतरी उणे शोधायचे, म्हणजे मग तो अन्याय उरतच नाही. लर्नरने या प्रवृत्तीला न्याय्य जगावरचा विश्वास असे नाव दिले. पुढे त्याने तिला माणसाचा मूलभूत भ्रम म्हटले.

आपल्या बोलण्यात हा विश्वास किती मुरलेला आहे, ते म्हणींवरून दिसते. करावे तसे भरावे, पेरावे तसे उगवते, टाळी एका हाताने वाजत नाही. यांतली प्रत्येक म्हण जिथे लागू पडते तिथे खरी आहे, पण तिचा उपयोग उलट्या दिशेने करता येतो आणि नेमका तिथेच घात होतो. ‘वाईट पेरले तर वाईट उगवते’ यावरून ‘वाईट उगवले आहे, म्हणजे वाईट पेरले असणारच’ असा निष्कर्ष मन गुपचूप काढते. पुराव्याची गरजच उरत नाही. या जन्मात सापडले नाही तर मागच्या जन्मावर ढकलता येते. नवरा गेला की त्याच्या बायकोला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणायचे, तिचे कुंकू पुसायचे आणि बांगड्या फोडायच्या, या रूढीत हाच निष्कर्ष शतकानुशतके अंमलात आणला गेला. सर्वांत मोठे नुकसान जिचे झाले तिलाच त्या नुकसानीचे कारण ठरवण्याचे याहून उघडे उदाहरण मला माहीत नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड या गावाने ग्रामसभेत ठराव करून ही प्रथा बंद केली आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनी त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले, याचा मला मनापासून आनंद झाला होता. मात्र कर्मसिद्धांत मानणारे आपणच असे वागतो, असे समजण्याचे कारण नाही. लर्नरचा प्रयोग अमेरिकेत झाला होता. शिवाय आपल्याकडचेच ‘नशिबात होते हो, तुम्ही तरी काय करणार’ हे वाक्य कितीतरी माणसांच्या खांद्यावरून दोषाचे ओझे उतरवताना मी पाहिले आहे. एकाच परंपरेत दोष देणारी आणि दोष काढून घेणारी, अशी दोन्ही प्रकारची वाक्ये असतात. आपण कोणते उचलतो हा प्रश्न आहे.

आता तुमच्या स्वतःच्या वाक्याकडे येऊ. ‘एवढे शिकून’ हे त्यातले दोन शब्द माझ्या दृष्टीने सर्वांत बोलके आहेत. तुम्ही शिक्षिका आहात. शिकलेला माणूस सहजासहजी फसवला जात नाही, शिक्षण हे कवच आहे, या श्रद्धेवर तुमचे सगळे आयुष्य उभे आहे. ते कवच वडिलांनीच तुम्हाला दिले असणार. त्यांच्यासारख्या हिशेबी, कागद वाचल्याशिवाय सही न करणाऱ्या माणसाला तीन दिवसांत कोणी लुटू शकत असेल, तर ते कवच कोणालाच पुरेसे नाही: तुम्हालाही नाही, तुमच्या मुलांनाही नाही. हा धक्का ३८ लाखांच्या धक्क्याइतकाच मोठा आहे आणि तो त्या पहिल्या क्षणी तुमच्यापर्यंत पोहोचला. ‘तुम्हाला कळले कसे नाही’ याच्या तळाशी ‘मला कळले असते ना?’ हा भेदरलेला प्रश्न आहे. ज्याच्यावर आपला जीव असतो त्याच्यावरच आपण असे का तुटून पडतो, याचे उत्तर मला इथे दिसते. परक्याचे नुकसान लांबून पाहता येते. वडिलांचे नुकसान आपल्या पायाखालची जमीन हलवते.

यात आणखी एक गोष्ट मिसळली आहे, ती म्हणजे रागाला दुसरीकडे जायला वाट नव्हती. ज्यांनी हे केले त्यांचा चेहरा तुम्ही पाहिलेला नाही, नाव खोटे, गणवेश खोटा, क्रमांक बंद. अशा टोळ्यांपैकी अनेक कंबोडिया, म्यानमार, लाओस या देशांतल्या बंदिस्त वसाहतींतून काम करतात आणि तिथे फोनवर बोलणाऱ्यांत नोकरीच्या आमिषाने नेऊन डांबून ठेवलेले भारतीय तरुणही सापडले आहेत. इतक्या दूरच्या, इतक्या अंधारातल्या माणसावर राग धरून ठेवता येत नाही. समोर असतात ते वडील. वड्याचे तेल वांग्यावर निघते ते असे.

‘इतक्या साध्या गोष्टी दिसल्या कशा नाहीत’ असे आज घरातल्या प्रत्येकाला वाटत असेल, त्याचेही कारण सांगायला हवे. बरूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इस्रायलमधील विद्यार्थ्यांना १८१४ च्या सुमाराच्या इंग्रज-गुरखा संघर्षाची हकिकत वाचायला दिली होती. एका गटाला सांगितले की शेवटी इंग्रज जिंकले, दुसऱ्याला सांगितले की गुरखे जिंकले, आणखी काहींना वेगळेच शेवट सांगितले. मग ‘शेवट माहीत नसता तर तुम्हाला कोणता निकाल संभाव्य वाटला असता?’ असे विचारले. प्रत्येक गटाला आपल्याला सांगितलेलाच निकाल आधीपासून दिसत होता असे वाटले, आणि त्या वाटण्याला पुरावा म्हणून सर्वांनी त्याच हकिकतीतले वेगवेगळे तपशील निवडले. १९८५ मध्ये रॉनी जॅनॉफ-बुलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच बलात्काराच्या संदर्भात तपासले. एका तरुणीची एका पुरुषाशी झालेली भेट, तीच वर्णने, तीच कृत्ये. फक्त शेवट बदललेला. बलात्काराचा शेवट वाचलेल्यांना तिच्या त्याच साध्या वागण्यात चूक दिसू लागली. तुमच्या वडिलांची कथा तुम्ही शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत आहात. त्यांनी ती सुरुवातीकडून भोगली, आणि त्यांना पुढचे पान ठाऊक नव्हते.

ते पान कसे उलटत गेले, याची नीट कल्पना करून पाहा. या गुन्ह्याची पद्धत बहुधा ठरलेली असते. तुमच्या आधार क्रमांकावर घेतलेल्या सिमवरून गैरप्रकार झाले आहेत किंवा तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, असा फोन येतो. फोन पोलीस किंवा सीबीआयच्या ‘अधिकाऱ्या’कडे जोडला जातो. मग व्हिडिओ कॉल, मागे पोलीस ठाण्यासारखा देखावा, शिक्का मारलेले अटक वॉरंट, गोपनीयतेचा धाक: घरच्यांना सांगाल तर त्यांनाही आरोपी करू. कॅमेरा बंद करायचा नाही, झोपतानासुद्धा. झोप मोडलेल्या, एकट्या पडलेल्या, भेदरलेल्या माणसाला शेवटी सुटकेचा रस्ता दाखवला जातो: रक्कम तपासणीसाठी या खात्यात भरा, निर्दोष ठरलात की परत मिळेल. भारतीय कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकारच नाही, आणि हे पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ मध्ये आकाशवाणीवरून देशाला सांगावे लागले. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या आकडेवारीनुसार २०२४ या एका वर्षात डिजिटल अरेस्ट आणि तत्सम गुन्ह्यांची सव्वा लाखाच्या आसपास प्रकरणे नोंदली गेली आणि त्यांत सुमारे १,९३५ कोटी रुपये गेले. लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना २०२४ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, सर्वोच्च न्यायालयाची बनावट ऑनलाइन सुनावणी दाखवून ७ कोटी रुपयांना लुबाडण्यात आले. त्यांनी ते उघडपणे सांगितले, याचे मला मोल वाटते. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर खुद्द सर्वोच्च न्यायालयाने या गुन्ह्यांची स्वतःहून दखल घेतली.

अधिकाराचा आवाज माणसाकडून काय करवून घेऊ शकतो, हे स्टॅन्ले मिलग्रॅम यांनी १९६१ पासून येल विद्यापीठात केलेल्या प्रयोगांनी दाखवून दिले होते. करड्या कोटातल्या प्रयोगकर्त्याने शांतपणे ‘पुढे चालू ठेवा’ म्हटले, तर त्यांच्या गाजलेल्या मांडणीत ४० पैकी २६ माणसांनी समोरच्याला शेवटच्या टप्प्यापर्यंत विजेचे झटके दिले, म्हणजे आपण देतो आहोत असे मानले. पण मी हा प्रयोग इथे सांगतो आहे तो त्यातल्या दुसऱ्या एका आकड्यासाठी. मिलग्रॅम यांनी मनोविकारतज्ज्ञांना आधीच अंदाज विचारला होता आणि त्यांनी शेवटपर्यंत जाणारा माणूस हजारात एखादाच असेल असे सांगितले होते. माणसाचे मन जाणणे हाच ज्यांचा व्यवसाय, तेही बाहेर बसून परिस्थितीच्या जोराचा अंदाज घेताना इतके चुकले. ‘मी असतो तर फोन ठेवून दिला असता’ असे म्हणणाऱ्या तुमच्या भावाचा अंदाज त्यांच्यापेक्षा खात्रीचा मानण्याचे काही कारण मला दिसत नाही.

सोसायटीतल्या कुजबुजीचा विचार करताना मला फार वाईट वाटले. ‘लपवण्यासारखे असल्याशिवाय कोणी घाबरत नाही’ हे विधान वस्तुस्थितीच्या अगदी विरुद्ध आहे. सराईत माणूस वॉरंट पाहून वकिलाला फोन करतो. ज्याने चाळीस वर्षांत कधी पोलीस ठाण्याची पायरी चढली नाही, ज्याच्या लेखी शासनाचा शिक्का म्हणजे शेवटचा शब्द, ज्याने आपल्या निष्कलंक सेवेलाच आयुष्याची कमाई मानले, त्याला ‘चौकशी’ या शब्दाने घाम फुटतो. टोळीने तुमच्या वडिलांच्या लोभावर जाळे टाकलेले नाही. त्यांनी कोणत्याही दामदुपटीच्या मागे धावून पैसे भरलेले नाहीत. त्यांची अब्रूची चाड आणि कायद्याविषयीचा आदर हेच त्या टोळीचे हत्यार झाले. शेजाऱ्यांना मात्र ‘लपवण्यासारखे काहीतरी’ हवे आहे, कारण त्यांच्याकडे लपवण्यासारखे काही नाही आणि तेवढ्यावर त्यांना सुरक्षित वाटून घ्यायचे आहे.

आता भाषेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बदल करण्याची सर्वांत सोपी जागा तिथे आहे. मराठीत ‘फसणे’ आणि ‘फसवणे’ अशी दोन क्रियापदे आहेत. ‘बाबा फसले’ या वाक्यात एकच माणूस आहे. कर्ता तोच, भोगणाराही तोच. जणू चिखलात पाय गेला. ‘एका टोळीने बाबांना फसवले’ असे म्हणताच वाक्यात दुसरा माणूस येतो आणि कृत्य त्याच्या नावावर चढते. ‘आमिषाला बळी पडले’, ‘जाळ्यात अडकले’, ‘तिच्यावर अत्याचार झाला’, ‘त्यांचे पैसे गेले’ ही आपली रोजची वर्तमानपत्री वाक्ये तपासून पाहा, करणारा कुठेच सापडत नाही. लॉरा नीमी आणि लियान यंग या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच आढळले. लैंगिक अत्याचार आणि लुटीच्या प्रसंगांची वाक्यरचना बदलून कर्त्याच्या जागी पीडिताऐवजी गुन्हेगाराला ठेवले, की वाचणाऱ्यांचा पीडिताला दोष देण्याकडचा कल कमी झाला. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती आपल्यासारख्या समाजाने गांभीर्याने घ्यावी अशी आहे. निष्ठा, आज्ञापालन आणि पावित्र्य या मूल्यांना जे लोक अधिक महत्त्व देतात, त्यांचा पीडिताला कलंकित आणि जबाबदार मानण्याकडे जास्त ओढा असतो. कोणाला इजा होऊ नये आणि सर्वांना न्याय मिळावा या मूल्यांना जे अधिक मानतात, त्यांचा कल पीडिताला सहानुभूती देण्याकडे असतो.

करणारा वाक्यातून निसटला की न्यायालयातही काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्याच्या आवारात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचा खटला उभा राहिला. सत्र न्यायालयात तिच्या पूर्वीच्या संबंधांची चर्चा झाली आणि आरोपी सुटले. नागपूर खंडपीठाने त्यांना शिक्षा दिली, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या, याला निर्णायक महत्त्व दिले. पोलीस ठाण्यात, रात्री, गणवेशातल्या माणसांसमोर एक मुलगी किती प्रतिकार करू शकते, हा प्रश्न उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार कायदेपंडितांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रात विचारला. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीमुळे १९८३ मध्ये कायदा बदलला. पीडितेच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवून तिची साक्ष खोडून काढू देणारी पुरावा कायद्यातली तरतूद जायला मात्र २००२ ची दुरुस्ती यावी लागली. तुमच्या वडिलांच्या प्रकरणाची या अत्याचाराशी तुलना करण्याचा माझा हेतू नाही. दुःखांची तुलना करूच नये. दोन्हीकडे विचारला गेलेला प्रश्न मात्र एकच आहे: ‘तू का थांबवले नाहीस?’

या प्रश्नाची किंमत कोण मोजतो, हे मी माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका चुकीतून शिकलो. नवऱ्याची मारहाण नऊ वर्षे सोसलेली एक स्त्री माझ्याकडे आली होती आणि मी, केवळ माहिती घेण्याच्या हेतूने, ‘तुम्ही तेव्हाच कोणाला का सांगितले नाहीत?’ असे विचारले. ती थोडा वेळ गप्प बसली, पदर सारखा केला, ‘बरं’ म्हणाली आणि पुन्हा कधी आली नाही. माझा प्रश्न तिने त्याआधी माहेरी आणि सासरी ऐकलेला असणार. दोष देण्याचा परिणाम असा असतो: माणूस बोलायचे थांबतो. सायबर फसवणुकीत तर गप्प बसण्याचा प्रत्येक तास पैशांत मोजता येतो. सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच कळवले तर पुढच्या खात्यांत वळवण्याआधी रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. लाजेपोटी चार दिवस गेले की ती झपाट्याने कमी होते. टोळ्यांना हे पुरते ठाऊक आहे. घरचे आपल्यालाच बोलतील ही वडिलांची भीती त्यांच्या योजनेचा भाग होती.

वडील स्वतःला काय म्हणत आहेत, याकडे आता लक्ष द्या. जॅनॉफ-बुलमन यांनी कॅमिल वॉर्टमन यांच्यासह १९७७ मध्ये अपघाताने लुळ्या पडलेल्या २९ जणांचा अभ्यास केला, तेव्हा अपघाताचा काही दोष स्वतःकडे घेणारे लोक त्यातून अधिक चांगले सावरत असल्याचे दिसले. हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. पुढे त्यांनी स्वतःला दोष देण्याचे दोन प्रकार वेगळे केले. ‘मी तो फोन ठेवायला हवा होता’ हा एक. त्यात पुढच्या वेळी वेगळे वागण्याची आशा आहे. ‘मी मूर्खच आहे, म्हातारपणी माझी अक्कल गेली’ हा दुसरा. त्यात माणूस स्वतःलाच निकामी ठरवतो आणि तिथून निराशेकडे उतार लागतो. वडील पहिल्या प्रकारचे काही बोलले, तर ‘नाही हो, तुमची काहीच चूक नाही’ असे घाईने म्हणून त्यांच्या हातातला तो आधार काढून घेऊ नका, शांतपणे ऐका. दुसऱ्या प्रकारचे बोलत असतील, जेवण-झोप सुटली असेल, ‘मी तुम्हाला ओझे झालो’ अशी भाषा येत असेल, तर वाट पाहू नका. त्यांना एकटे सोडू नका, आत्महत्येचे विचार येतात का हे सरळ विचारा (विचारल्याने ते विचार वाढत नाहीत) आणि मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येते.

तुमच्या भावाचा आक्षेप मला ऐकू येतो आहे: मग चुकीतून काही शिकायचेच नाही का? शिकायलाच हवे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, हे आपण म्हणतोच. त्या म्हणीत मागच्याने पुढच्याला ‘दिसत नाही का’ म्हणून हिणवलेले नाही, आपला पाय जपला आहे. दार उघडे राहिले हे चोरी होण्याचे एक कारण असू शकते आणि पुढे कुलूप लावायला शिकता येते, पण चोरीचा दोष चोराचाच राहतो. कारण आणि दोष यांची गल्लत झाली की घरात शिकणेही थांबते, कारण ज्याच्यापासून शिकायचे तोच गप्प झालेला असतो. मोठ्या रकमेच्या व्यवहाराआधी घरातल्या दुसऱ्या माणसाला सांगायचे, ठेवी मोडण्याआधी एक रात्र जाऊ द्यायची, असे नियम तुम्ही जरूर करा. मात्र ते महिनाभराने करा, आणि केवळ वडिलांसाठी न करता तुमच्यासाठी, भावासाठी, सर्वांसाठी करा.

आत्ता करण्याचे काम वेगळे आहे. लर्नरसारख्याच एका प्रयोगात, १९७४ मध्ये, पाहणाऱ्यांना ‘तिच्या जागी स्वतःला ठेवून पाहा’ एवढीच सूचना दिली, तेव्हा झटके सोसणाऱ्या मुलीला हलके लेखण्याची प्रवृत्ती दिसेनाशी झाली. तुम्हाला तसे करण्यासाठी एक चांगले निमित्त आहे. तक्रारीसाठी घटनांचा क्रम लिहावा लागतो. एखाद्या सकाळी चहा झाल्यावर वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. ‘मी त्या दिवशी तुम्हाला बोलले ते घाबरून बोलले, मला माफ करा’ एवढे आधी सांगा आणि त्यावर स्पष्टीकरण देत बसू नका. मग विचारा, ‘बाबा, त्यांनी पहिला फोन किती वाजता केला? ते काय म्हणाले? मग त्यांनी काय केले?’ प्रत्येक प्रश्नाचा कर्ता ‘ते’ असू द्या. ‘तुम्ही का’ ने सुरू होणारा प्रश्न ओठांवर आला, तर तो वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. मध्येच वडिलांचा आवाज दाटून आला तर थांबा, त्यांचा हात हातात घ्या, आणि त्यांनी पुढे सांगायला सुरुवात केली की पुन्हा लिहू लागा.